प्रश्न तुमचे : शांताबाई दाणी आणि ‘बिनअधिकाराची’ आमदारकी

प्रश्न : वक्तृत्व स्पर्धेसाठी मी नाशिकच्या दलित नेत्या शांताबाई दाणी हा विषय घेतला आहे. त्या १९६८ ते १९७४ या काळात विधान परिषदेवर होत्या. माझा वर्गमित्र म्हणतो, ‘परिषदेला अधिकार कुठे असतात? बाईंचं शिक्षणाचं खरं काम सभागृहाबाहेरचं. आमदारकीला एक ओळ पुरे.’ त्याचं बरोबर आहे का?
— एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : तुझा मित्र अर्धा बरोबर आहे. वादात अशीच माणसं जास्त छळतात.

परिषदेचं बळ बेताचंच, हे खरं. धन विधेयक (सरकारी पैशासंबंधीचं) तिला १४ दिवसांपलीकडे ठेवून घेता येत नाही. साधं विधेयक अडवलं, तरी विधानसभा दुसऱ्यांदा मंजूर करून पाठवते आणि मग महिनाभरापलीकडे परिषदेचं काही चालत नाही. पण प्रश्न विचारायला कोण अडवतं? तारांकित प्रश्न स्वीकारला गेला की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न झेलावे लागतात. त्याआधी खात्यातले कारकून जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवत बसतात. वसतिगृहाचं अनुदान कोणाच्या टेबलावर पडून आहे, हे पुष्कळदा अशा वेळीच उघड होतं. संस्था चालवणाऱ्या माणसाला ही किल्ली किती मोलाची, ते संस्था चालवल्याशिवाय कळत नाही.

आणि शांताबाई संस्था चालवत होत्या. नाशिकचं रमाबाई आंबेडकर विद्यार्थिनी वसतिगृह हे त्यांचं काम. शाळेऐवजी वसतिगृह का, असं परीक्षक विचारतील, म्हणून सांगते. मी दिंडोरीकडे शिक्षिका होते. सातवीनंतर एखादी मुलगी यायची बंद झाली की कारण ठरलेलं असे : पुढची शाळा दुसऱ्या गावात, एस.टी. मोजकी, संध्याकाळची चुकली तर पोरीने राहायचं कुठे? फी माफ करून हा प्रश्न सुटत नाही. दलित मुलीला तर शहरात खोली मागताना आधी आडनाव सांगावं लागे, आणि खोलीची गोष्ट तिथेच संपे. वसतिगृहात खाट मिळाली तरच पुढची इयत्ता, इतका सरळ हिशेब होता.

बाई स्वतः नाशिकच्या खडकाळीतल्या. मुलीने शिकलंच पाहिजे हा हट्ट आईचा. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या तालमीत त्या राजकारणात आल्या. हे दादासाहेब म्हणजे १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहातले. त्यांच्याबरोबर काम करायचं म्हणजे तुरुंगाची तयारी ठेवायची. पुणे कराराविरुद्धच्या (दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ सोडून देणारा १९३२ चा करार) १९४६ च्या सत्याग्रहात बाईंना कारावास झाला, भूमिहीनांच्या लढ्यातही त्या होत्या. त्यामुळे १९६८ साली सभागृहात आल्या त्या मोर्चे काढून आणि तुरुंग पाहून आलेल्या. ‘महिला प्रतिनिधी हवी’ म्हणून कोणी शोभेला बसवलेल्या नव्हेत. हे वाक्य भाषणात जरूर घे.

‘दीनदलितांची माउली’ छापाची विशेषणं मात्र टाळ. परीक्षकांचे कान किटलेत.

वाचायचं काय? त्यांचं आत्मकथन ‘रात्रंदिन आम्हा’, शब्दांकन भावना भार्गवे यांचं. सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) विचारून बघ. सभागृहातलं बोलणं हवं असेल तर विधिमंडळाची छापील कार्यवाही धुंडाळावी लागेल. ती मुंबईला विधानभवनाच्या ग्रंथालयात असते. (बाईंच्या वेळी विधिमंडळ कुलाब्याच्या जुन्या इमारतीत भरायचं, आताचं विधानभवन १९८१ चं. भाषणात ‘नरिमन पॉइंटच्या सभागृहात शांताबाई गरजल्या’ असं चुकूनही म्हणू नकोस.) कॉलेजचं पत्र बरोबर ने आणि १९६८ ते १९७४ चे खंड माग. शिक्षण आणि समाजकल्याण या दोन खात्यांचे प्रश्न आधी चाळ, त्यातलं बाईंच्या प्रश्नाला मिळालेलं एखादं उत्तर जसंच्या तसं भाषणात वाच. मित्राला समोरच्या रांगेत बसव.