जुन्या लॅपटॉपसाठी बिनतारी माउस: ब्लूटूथ की रिसीव्हर?

आपला लॅपटॉप २०१२ सालचा आहे, त्यावर विंडोज ७ आहे, टचपॅडचे डावे बटण झिजले आहे, आणि तीनपैकी एक यूएसबी पोर्ट कायमचा अडकू नये म्हणून ब्लूटूथ माउस घ्यावा असे आपल्या मनात आहे. पोर्टची अडचण मला समजते, पण या लॅपटॉपसाठी ब्लूटूथच्या वाटेला जाऊ नये, सोबत छोटा यूएसबी रिसीव्हर येणारा २.४ गिगाहर्ट्झचा साधा माउस घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सध्या बाजारात मिळणारे बरेचसे ब्लूटूथ माउस ‘ब्लूटूथ लो एनर्जी’ या कमी वीज खाणाऱ्या पद्धतीवर चालतात. ही पद्धत २०१० साली ब्लूटूथ ४.० बरोबर आली आणि विंडोजमध्ये तिची अंगभूत सोय विंडोज ८ पासून झाली, त्यामुळे आपल्या लॅपटॉपमधली चिप ४.० ची असली तरी विंडोज ७ वर असा माउस जोडला जाईल याचा भरवसा नाही. रिसीव्हरचे तसे नाही. लॅपटॉपच्या दृष्टीने तो तारेचाच यूएसबी माउस असतो. बहुधा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे माउस चालवणारे सॉफ्टवेअर, टाकावा लागत नाही.

मात्र रिसीव्हर कोणत्या पोर्टला लावायचा, याकडे नीट लक्ष द्या. आपण लिहिल्याप्रमाणे डावीकडचे दोन पोर्ट आतून निळे आहेत, म्हणजे ते यूएसबी ३.० असणार. या पोर्टवर वेगाने माहिती जात असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण होतो, हे इंटेलने २०१२ सालीच एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले होते. मी हे स्वतः भोगले आहे. पोर्टेबल हार्ड डिस्कवर फोटो कॉपी करत असताना पडद्यावरचा बाण अडखळायचा, मध्येच थांबायचा आणि मग एकदम उडी मारायचा. मी सेल बदलला, टेबल पुसले, दुकानात जाऊन माउसही बदलून आणला, तरी तेच. शेवटी हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टमधला रिसीव्हर काढून पलीकडच्या काळ्या पोर्टमध्ये लावला, आणि बाण त्या क्षणापासून सुरळीत फिरू लागला. म्हणून आपणही उजवीकडचा काळा पोर्ट माउसला द्या. तो प्रिंटरसाठी लागणार असेल, तर फूटभर लांबीची यूएसबी २.० एक्स्टेन्शन वायर घेऊन रिसीव्हर माउसजवळ आणून ठेवा.

सेन्सरच्या मोठमोठ्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. १३६६ बाय ७६८ च्या पडद्याला १००० डीपीआय (माउस एक इंच सरकवल्यावर बाण किती ठिपके सरकतो, ते माप) भरपूर होतात. टेबलाला काच असेल तर पॅड घ्याच, कारण साधा ऑप्टिकल माउस काचेवर नीट चालत नाही. शक्यतो एका पेन्सिल सेलवर चालणारा माउस निवडा; आतली रिचार्जेबल बॅटरी काही वर्षांनी दमली की ती बदलून मिळणे कठीण जाते.

दुकानातच खोका उघडून रिसीव्हर आत आहे ना, हे पाहून घ्या. बऱ्याच माउसमध्ये तो सेलच्या कप्प्यात खोचलेला असतो आणि स्वस्त माउसचा रिसीव्हर हरवला तर बहुतेक वेळा सुटा मिळत नाही. लॉजिटेकचा घेतलात तर त्यांचे जुने युनिफाइंग आणि २०२१ पासूनचे बोल्ट हे रिसीव्हर एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. लॅपटॉप पिशवीत ठेवण्यापूर्वी रिसीव्हर काढून त्याच कप्प्यात ठेवत चला. जुन्या लॅपटॉपचे पोर्ट आधीच सैल झालेले असतात आणि बाहेर आलेल्या टोकाला धक्का बसला की ते आणखी खिळखिळे होतात.