पोलिसांची गाडी चौकड्याची कशाला?

प्रश्न : लेकीकडे इंग्लंडला महिनाभर राहून आले. तिथल्या पोलिसांच्या गाड्या पिवळ्या-निळ्या चौकड्याच्या, अगदी नातवाच्या खेळण्यातल्या वाटतात. अशा गाडीला चोर घाबरत असेल का हो? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, चोराला घाबरवायला ते चौकडे काढलेलेच नाहीत! १९९०च्या दशकात तिथल्या गृहखात्याच्या संशोधन विभागाने हे डिझाइन केलं, कारण हायवेला कडेला थांबलेल्या पोलीस गाडीवर मागून येणारी गाडी आदळू नये. दिवसाउजेडी अर्धा किलोमीटर लांबून कळायला हवं की पुढे पोलीस आहेत. दिवसा पिवळा उठून दिसतो, आणि रात्री हेडलाइट पडला की ती रिफ्लेक्टरची फिल्म अशी चमकते की बस, अंधारात मांजरीचे डोळे चमकावेत तशी. याला म्हणतात बॅटनबर्ग, तिकडच्या एका केकचं नाव, आतला स्पंज गुलाबी-पिवळ्या चौकोनांचा आणि वरून बदामाच्या पेस्टचं आवरण.

मला तर गंमत या नावांचीच वाटते. त्याआधीच्या पांढऱ्या गाड्यांना बाजूने लाल पट्टा होता, त्यांना लोक जॅम सँडविच म्हणायचे, आणि साठच्या दशकात लँकशायरच्या पोलिसांनी छोट्या फोर्ड अँग्लिया निळ्या-पांढऱ्या रंगवून गस्तीला काढल्या, असल्या गाड्यांना पडलेलं नाव पांडा कार. आता ज्या गाडीला लोक खाऊचं नाव ठेवतात तिची धास्ती ती किती असणार? आपल्याकडे ट्रॅफिकवाल्याला मामा म्हणतो आपण, पण त्याच्या गाडीला काही लाडाचं नाव नाही, ती दिसली की सिग्नलला झेब्रा क्रॉसिंगच्या पुढे आलेली गाडी पायाने ढकलत मागे घ्यायची आणि कागदपत्रं आहेत ना ते चाचपायचं, मी पण तेच करतो, खोटं कशाला बोलू. दारावर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' लिहिलेलं असतं पण आपल्याला आधी खलनिग्रहणायच आठवतं!

उलटा प्रकार अमेरिकेत बघायला मिळतो. काही ठिकाणी काळ्या गाडीवर काळीच अक्षरं असतात, घोस्ट ग्राफिक्स म्हणतात त्याला, एरवी साधी गाडी वाटते आणि ठरावीक कोनातून उजेड पडला की पोलीस असं वाचता येतं. नियम मोडणारे अलगद सापडतात, पण रात्री सुनसान रस्त्यावर अशी गाडी मागे लागली तर बाईमाणसाने ती खऱ्या पोलिसांचीच आहे हे कसं ओळखायचं, म्हणून लोक कुरकुरतातही. आणि दुबईने तर २०१३ मध्ये पोलिसांना लॅम्बोर्गिनी दिली, तिच्यासोबत टुरिस्ट सेल्फी काढतात.

म्हणून मला विचाराल तर तुमचं ते खेळणंच बरं. फक्त पुढच्या वेळी गेलात की रंग नीट बघा, चौकडे पिवळे-हिरवे असतील तर ती अँब्युलन्स, आणि पिवळे-लाल असतील तर अग्निशमनवाले.