कापलं असतं, ठेवलं असतं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की अडीच तासांहून लांब सिनेमा काढणाऱ्याने पाट्या पडायच्या आधी प्रेक्षकांची माफी मागावी. लिहिलं थट्टेत. पण तीस वर्षं संकलनाच्या टेबलावर घालवलेल्या बाईची थट्टा लोक थट्टा म्हणून घेत नाहीत, हे या महिन्याच्या पत्रांवरून कळलं. निम्म्याहून जास्त जणांनी त्याच वाक्यावरून मला धरलंय. त्यातली काही पत्रं आणि काही वेगळी, अशी मिळून इथे घेते. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही.

“अडीच तासांवर माफी म्हणता आणि त्याच लेखात ‘द ब्रूटलिस्ट’ दोनदा पाहिला म्हणून सांगता. तो तर साडेतीन तासांचा! आम्ही कुठलं खरं मानायचं?”

साडेतीन तासांहूनही थोडा जास्तच. २१५ मिनिटं, आणि त्यातली १५ मध्यंतराची. पण मी दुसऱ्यांदा गेले ती या पंधरा मिनिटांसाठीच, असं म्हटलं तर खोटं नाही.

मध्यंतर म्हटलं की दिवे लागतात आणि सिनेमा कुठेतरी मध्येच लोंबकळत राहतो. इथे मध्यंतर सिनेमातच विणलेलं आहे. पडद्यावर नायकाच्या, म्हणजे एका वास्तुविशारदाच्या, लग्नाचा जुना फोटो येतो आणि घड्याळ उलटं मोजायला लागतं. पहिल्या भागात त्याची मागे युरोपात राहिलेली बायको आपल्याला फक्त पत्रांतून ऐकू येते, दिसत नाही. मध्यंतरात तिचा चेहरा पंधरा मिनिटं समोर असतो. उठून पाय मोकळे करून आलात तरी ती तिथेच. आणि दुसरा भाग सुरू होतो तो ती अमेरिकेत येऊन पोचते तिथून. फोटोतली उभी नवरी आणि स्टेशनवर चाकाच्या खुर्चीत बसलेली बाई, यांच्यामधला कट पंधरा मिनिटांचा आहे! इतका लांब कट मी उभ्या आयुष्यात लावला नाही. लावू द्या म्हटलं असतं तर निर्मात्याने मला घरी पाठवलं असतं.

आता कापलं काय असतं ते सांगते. शेवटचा १९८० सालचा व्हेनिसचा भाग. नायकाची भाची उभी राहून त्याच्या इमारतीचा अर्थ समजावून सांगते. तीन तास जे आम्ही डोळ्यांनी पाहिलं ते पुन्हा कानात कशाला ओतायचं? ते भाषण मी काढलं असतं आणि म्हाताऱ्या नायकाचा गप्प चेहरा तेवढा ठेवला असता. असो. याच सिनेमातल्या नायकाने, एड्रियन ब्रोडीने, ऑस्कर घेताना साडेपाच मिनिटांहून जास्त भाषण केलं, तो ऑस्करच्या इतिहासातला विक्रम ठरला. लांबीचा संसर्ग होतो म्हणतात तो असा.

“त्याच सिनेमात नटांचे हंगेरियन उच्चार एआयने सुधारले होते ना? मग अभिनयाचं बक्षीस अर्धं संगणकाला द्यायला नको का?”

ही गोष्ट लपून राहिली नव्हती. सिनेमाचे संकलक डेव्हिड यांचो यांनीच मुलाखतीत सांगितली आणि मग गदारोळ झाला. ते स्वतः हंगेरियन बोलतात, त्यांच्या कानाला काही स्वर खटकले, ते त्यांनी दुरुस्त केले. इंग्रजी संवादांना हात लावला नाही, असं दिग्दर्शकाने नंतर स्पष्ट केलं.

आता माझी कबुली. माझ्याकडे एक गुणी नट होता, त्याला ‘ळ’ यायचा नाही. डोळ्यांत पाणी उभं करायचा आणि तोंडाने ‘काल्जी’ म्हणायचा. मी दुसऱ्या एका टेकमध्ये, म्हणजे त्याच प्रसंगाच्या पुन्हा केलेल्या चित्रणात, चुकून नीट आलेला एक ‘ळ’ शोधून काढला आणि अख्ख्या सिनेमात अकरा ठिकाणी चिकटवला. त्या वर्षी त्याच्या शब्दोच्चारांचं परीक्षणात कौतुक झालं. मी तेव्हा हसले. तेव्हा आता यांचोंवर बोट कुठल्या तोंडाने रोखू? माझा आक्षेप एवढाच की माझा ‘ळ’ निदान त्याचाच होता. उद्या हा ‘ळ’ कुणाचाच नसेल, आणि ते ओळखायला माझ्यासारख्या कानांचंही काम राहणार नाही.

“‘अ‍ॅडोलसन्स’च्या चारही भागांत एकही कट नाही. तुमच्या धंद्याचं काय होणार, ताई?”

धंदा सोडून मला चार वर्षं झाली, त्यामुळे पोट सुखरूप आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: तेरा वर्षांच्या मुलाला शाळेतल्या मुलीच्या खुनाच्या संशयावरून पोलीस पहाटे उचलून नेतात. मार्च २०२५ मध्ये आलेली ही चार भागांची मालिका. प्रत्येक भाग सुरू केलेला कॅमेरा बंद न करता, सलग. म्हणजे संकलन नाही, असं लोक समजतात. संकलन आहे, फक्त ते टेबलावरून उठून कॅमेरावाल्याच्या पायांत गेलंय. कोणाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबायचं, दार उघडताना आत शिरायचं की बाहेर राहायचं, हे तालमीतच ठरलं. शिवाय कुठला टेक ठेवायचा, तोही निर्णय संकलनाचाच. पहिल्या भागाचा दुसरा टेक वापरलाय आणि चौथ्याचा सोळावा. सोळाव्यांदा रडणारा बाप पहिल्यांदा रडल्यासारखा दिसतो, हे स्टीफन ग्रॅमचं देणं.

पण म्हणून चारही भाग मला सारखे आवडले असं नाही. दुसरा भाग शाळेतला. तिथे माझी बोटं वळवळत होती. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायला कॅमेऱ्याला कट घेता येत नाही, म्हणून कुणीतरी चालत राहतं आणि आपण त्याच्या पाठीमागे. जिने, दारं, पुन्हा जिने. शेवटी कॅमेरा ड्रोनला अडकवून गावावरून उडवतात ते पाहून मी ‘वा!’ म्हटलं, आणि त्यातच गोम आहे. गोष्ट विसरून मी ड्रोनला दाद दिली.

तिसरा भाग मात्र! एक खोली, तो मुलगा आणि त्याची मानसतज्ज्ञ. इथे कट नसण्याला कारण आहे, कारण तिलाही त्या खोलीतून उठून जाता येत नाही. मध्येच तो जांभई देतो. ती जांभई संहितेत नव्हती, खरीच आली. समोरच्या एरिन डोहर्टीने भूमिका न सोडता ‘कंटाळा आला का माझा?’ अशा अर्थाचं काहीतरी विचारलं आणि तो हसला. माझ्या टेबलावर ही जांभई आली असती तर ‘नट दमला’ म्हणून मी ती पहिल्या झटक्यात उडवली असती. गेल्या तीस वर्षांत अशा किती जांभया मी कचऱ्यात टाकल्या असतील, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. तो मुलगा झालेल्या ओवेन कूपरचं हे आयुष्यातलं पहिलं काम, आणि चित्रीकरण याच भागापासून सुरू झालं होतं. पंधराव्या वर्षी त्याला एमी, म्हणजे टीव्हीचं ऑस्कर, मिळालं.

“‘स्क्विड गेम’चा तिसरा सीझन पाहू का?”

दुसरा पाहिला असेल तर पाहावाच लागेल, कारण ती एकच गोष्ट मधोमध तोडून सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा विकली आहे. दुसरा पाहिला नसेल तर पहिल्यावरच थांबा.

“मावशी, टेलर स्विफ्टच्या ३१ गाण्यांच्या अल्बमला तुम्ही ‘रशेस’ म्हणालात. मला राग आला. ती मनातलं सगळं सांगते, तुम्हाला त्यातलं कापायचंय?”

राग आला ते बरं झालं, पत्र तरी आलं. रशेस म्हणजे शूटिंगचं न कापलेलं सगळं फुटेज. शिवी नाही गं ती, आमच्या धंद्यात त्यातच खरा माल असतो. पण तो माल प्रेक्षकाच्या दारात ओतायचा नसतो.

एप्रिल २०२४ मध्ये अल्बम आला तेव्हा सोळा गाणी होती. दोन तासांनी तिने आणखी पंधरा सोडली. पूर्वी तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची. त्या अडचणीनेच अर्धं संकलन व्हायचं, कुठल्यातरी गाण्याला बाहेर राहावंच लागायचं. आता जागा संपत नाही. उलट तीस सेकंद ऐकलं की स्पॉटिफायवर एक ऐकणं मोजलं जातं, आणि गाणी जितकी जास्त तितकी मोजणी वाढते. म्हणजे न कापण्यात फायदा आहे. मन मोकळं करणं वेगळं आणि मीटर चालू ठेवून मन मोकळं करणं वेगळं. तिने काय केलं ते तिलाच ठाऊक, मला ऐकताना मात्र मीटरचा आवाज येत राहिला.

त्याच वर्षी मे महिन्यात बिली आयलिशने दहा गाणी दिली. पाऊण तासाच्या आत सगळं आटोपतं. आधी एकही गाणं सुटं बाजारात सोडलं नाही, अल्बम अख्खाच ऐका म्हणाली. त्यात एक गाणं आहे: आरामात झुलत चाललेलं, जुन्या पद्धतीचं, आणि मध्येच ते कात टाकतं, सगळं यंत्रांच्या ठोक्यावर धावायला लागतं. तो सांधा मी सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकला. असा सांधा माझ्या एका तरी सिनेमात असता तर मी म्हातारपणी इतकी कुरकुर केली नसती.

तुझ्या बाजूचंही एक सांगते. ऑक्टोबर २०२५ मध्ये टेलरने बाराच गाण्यांचा अल्बम काढला, तेव्हा मी खूश होऊन बसले होते. आणि तो मला त्या एकतीसपेक्षा कमी आवडला. नीटनेटका, चकचकीत, पण त्या जुन्या पसाऱ्यात मधूनच एखादी ओळ अंगावर यायची, तसं इथे झालं नाही. म्हणजे नुसतं कापून भागत नाही. हे मला तीस वर्षांत कळायला हवं होतं.

“माझा मुलगा सगळ्या मालिका दीडपट वेगाने पाहतो. समजवावं तर म्हणतो, वेळ वाचतो. तुम्हीच चार शब्द सुनवा.”

सुनवले असते हो. पण आम्ही संकलक रशेस दुप्पट वेगानेच बघायचो, कधी कधी चौपट. तुमचा मुलगा जन्मायच्या आधीपासून.

नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये ही सोय चाचणीला घेतली तेव्हा हॉलिवूडच्या काही दिग्दर्शकांनी जाहीर विरोध केला, आणि पुढच्या वर्षी ती आलीच. मीही तेव्हा तावातावाने बोलले होते. मग आठवलं, मधली काही वर्षं मी रोजच्या मालिका कापायची. सासू म्हणाली, ‘ही माझी सून नाही.’ की सात जणांचे सात चेहरे, प्रत्येकाचे तीन धक्के, खाली ढोल. बावीस मिनिटांचा भाग भरायचा असायचा आणि शूट झालेलं असायचं चौदा मिनिटांचं. ते आठ मिनिटांचे चेहरे मी तुम्हाला विकलेत. तुमचा मुलगा आज ते परत घेतोय, घेऊ दे.

फक्त एक करा. ‘अ‍ॅडोलसन्स’चा तिसरा भाग त्याच्यासोबत बसून पाहा, त्याला हव्या त्या वेगाने. दीडपटीत ती जांभई त्याला दिसते का, ते मला कळवा.

“‘अनोरा’ला ऑस्कर? नुसती आरडाओरड! आणि तुम्ही त्याला चार तारे दिलेत.”

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तीनच दिले असते. घरात गुंड शिरतात तो प्रसंग संपता संपत नाही, सगळे एकाच वेळी ओरडतात, आणि मला वाटलं, हा दिग्दर्शक स्वतःच संकलक आहे ना, मग त्याला सांगणारं कुणी नव्हतं. शॉन बेकरने एकाच सिनेमासाठी एका रात्रीत चार ऑस्कर घेतले, त्यात संकलनाचंही. घेताना म्हणाला, सिनेमा मी टेबलावर वाचवला, त्या दिग्दर्शकाला पुन्हा काम देऊ नका. टाळ्या पडल्या. मी मात्र मान डोलावली.

दुसऱ्यांदा पाहताना शेवटाकडे लक्ष गेलं. उभी गाडी, बाहेर बर्फ, आणि काचेवर फिरणाऱ्या वायपरचा आवाज. संगीत नाही. आधीचा सगळा गोंगाट नसता तर तो वायपर ऐकूच आला नसता. तुम्ही म्हणता ती आरडाओरड मी कापली असती तर शेवट मेला असता. चौथा तारा त्या वायपरचा.

“वडिलांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. खालची अक्षरं वाचेपर्यंत चित्र पुढे जातं, म्हणून त्यांनी सिनेमाच सोडला. काही सुचवाल?”

‘फ्लो’ दाखवा. लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट, दीड तासाहून थोडा कमी, २०२५ चं ऑस्कर मिळालेला. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलाय. पूर येतो आणि एक मांजर, एक कुत्रा, एक लेमूर, एक सेक्रेटरी पक्षी आणि एक कॅपिबारा एका होडीत अडकतात. अख्ख्या सिनेमात एकही शब्द नाही, त्यामुळे वाचायचंही काही नाही. शॉट लांब आहेत, कॅमेरा मांजराच्या उंचीवरून सावकाश फिरतो, डोळ्यांना धावपळ नाही. मी घड्याळ पाहिलं नाही, ही माझ्याकडची सगळ्यात मोठी शिफारस.

आवाज मात्र खऱ्या प्राण्यांचे आहेत. मांजर मांजरासारखीच बोलते. कॅपिबाराचा खरा आवाज त्या संथ, जाड प्राण्याला शोभेना, म्हणून त्याला उंटाच्या पिल्लाचा दिलाय. तुमच्या वडिलांना तो ऐकू येणार नाही. पण कॅपिबारा पडद्यावर आला की त्यांच्या हातावर हात ठेवा आणि कागदावर लिहून दाखवा, ‘हा उंट आहे.’