शाब्दिक उदाहरणात एम कुठला आणि सी कुठला, हे कसं ओळखायचं?

वाय = एमएक्स + सी हे सरळ रेषेचं समीकरण (एम म्हणजे एक्स एकने वाढला की वाय किती बदलतो, सी म्हणजे एक्स शून्य असताना वाय किती) पाठ आहे, पण शाब्दिक उदाहरण आलं की गाडी अडते, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या निम्म्या पोरांचं हेच रडगाणं. एम सहसा सापडतो. 'दर किलोमीटरला', 'ताशी', 'प्रत्येकी' असलं काही ज्या आकड्याला चिकटलेलं असतं, तो एम. घोळ होतो सीचा.

आपली पुण्यातली रिक्षाच घ्या. सप्टेंबर 2022 मध्ये ठरलेलं भाडं: पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये, पुढे दर किलोमीटरला 17. पोरं बेधडक लिहून मोकळी होतात, भाडं = 17 × अंतर + 25. स्वारगेटहून सहा किलोमीटर गेलात तर याने 127 रुपये होतात. पण त्या 25 मध्ये दीड किलोमीटर आधीच वळते झालेत, म्हणून 17 ला गुणायचं साडेचारने. भाडं 101.50 (सिग्नलला थांबल्याचं वेटिंग वेगळं).

आता गंमत बघा. एक्स म्हणजे दीड किलोमीटरनंतरचं अंतर धरलं, तर सी 25 हे बरोबरच आहे. एक्स म्हणजे रिक्षात बसल्यापासूनचं अंतर धरलं, तर 25 + 17 × (एक्स − 1.5), म्हणजे 17एक्स − 0.50. सी चक्क उणे पन्नास पैसे! रिक्षावाले काका पन्नास पैसे हातावर ठेवून बसवून घेतात, असं नव्हे. दीड किलोमीटरपर्यंत आलेख 25 वर आडवाच असतो, ही रेषा त्यापुढेच लागू. म्हणून मी वहीत पहिली ओळ सक्तीने लिहून घेतो: एक्स म्हणजे काय, आणि कुठून मोजलं.

तेच सिंहगडाला. उंची वाढली की तापमान सरासरी हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर, गडमाथा साधारण 1300. शहरात 30 अंश असेल आणि उंची पुण्यापासून मोजली, तर सी 30, एम उणे 6.5, एक्स 0.74 किलोमीटर, वर सुमारे 25 अंश. उंची समुद्रसपाटीपासून मोजलीत, तर सी होतो 33.64 आणि एक्स 1.3. गडावर उत्तर तेच, आणि एमही जागचा हलत नाही.