पाच डिस्कचा डीव्हीडी प्लेअर घ्यावा का? मालकांची मतं वाचताना आधी यंत्राचं वय बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात दोनेकशे डीव्हीडी साठल्यात, एका ओळखीच्यांना त्यांचा पाच डिस्कचा प्लेअर काढायचाय, दुसऱ्या एकांना चारशे डिस्क मावणारा मोठा चेंजर, म्हणजे आतल्या डिस्क स्वतःच बदलणारा प्लेअर. आणि मालकांची मतं वाचायला जावं तर एक म्हणतो "असं यंत्र पुन्हा होणे नाही", दुसरा म्हणतो "डोक्याला ताप, फुकट मिळालं तरी घेऊ नका". यातलं खरं कोण बोलतंय?

दोघंही. फक्त दोघांनी लिहिलंय वेगवेगळ्या वेळी. यंत्र खोक्यातून बाहेर काढून आठवडा झालेला माणूस चित्राबद्दल लिहितो, रिमोटच्या बटणांबद्दल लिहितो, पाच डिस्क एकदम टाकता येतात याचं त्याला कौतुक असतं. चार वर्षं वापरलेला माणूस चित्राबद्दल चकार शब्द काढत नाही. तो ट्रेबद्दल लिहितो. म्हणून कुठलंही मत वाचताना आधी हे शोधा की लिहिताना त्याचं यंत्र किती जुनं होतं. तुम्ही जुनंच घेणार आहात, तेव्हा पहिल्या आठवड्यातली मतं तुमच्या कामाची नाहीत. माझ्याकडे पाच डिस्कचा प्लेअर अकरा वर्षं आहे, मोठा चेंजर सहा वर्षं होता. दोन्हींची झाकणं मी इतक्या वेळा उघडलीत की स्क्रू परत लावायचा कंटाळा येऊन पाचवाल्याला आता दोनच स्क्रू आहेत.

चित्राचा विषय आधी संपवतो. डीव्हीडीवर जे चित्र असतं ते पॅलमध्ये (आपल्याकडची टीव्ही पद्धत) ७२० बाय ५७६ पिक्सेल आणि एनटीएससीमध्ये (अमेरिका-जपानची) ७२० बाय ४८०, त्यापलीकडे काही नाही. एका डिस्कचा प्लेअर असो की पाच, वाचणारा लेझर तोच ६५० नॅनोमीटरचा, आणि एका कंपनीच्या एकाच काळातल्या दोन्ही मॉडेलांत आतला बोर्डही बऱ्याचदा जवळपास तोच. पाच डिस्कमुळे चित्र सुधारत नाही आणि बिघडतही नाही. एचडीएमआयवाल्या मॉडेलांवर मोठ्या अक्षरांत 'अपस्केलिंग' लिहिलेलं असतं, म्हणजे लहान चित्र मोठ्या पडद्याच्या मापाला ताणणं. ते काम आजचा टीव्ही स्वतःच करतो. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आता मुद्दा यंत्रणेचा.

पाच डिस्कच्या प्लेअरमध्ये पुढे सरकणारा रुंद खण, म्हणजेच ट्रे, असतो आणि त्यात फिरणारी चकती. चकतीवर पाच खाचे. तुम्ही नंबर दाबला की चकती फिरून तो खाचा मागे नेते, तिथे वाचणारा भाग खालून वर येतो, वरच्या चुंबकाच्या पकडीत डिस्क धरली जाते आणि ती फिरू लागते. म्हणजे एका डिस्कच्या प्लेअरमध्ये खण आत-बाहेर होतो एवढंच. इथे खण, चकती आणि उचलणारा भाग अशा तीन हालचाली एकमेकींची वाट बघत एकापाठोपाठ व्हाव्या लागतात. पुष्कळ मॉडेलांत यातली किमान एक हालचाल एका बारीक रबरी बेल्टवर चालते, आणि सगळी रडगाणी त्या बेल्टपाशी येऊन थांबतात.

माझ्याकडे असंच झालं. पाचव्या वर्षी खण उघडताना अर्ध्यावर अडायला लागला. हाताने जरा ओढला की यायचा. मग एक दिवस उघडला, पण बंद होईना. आत जायचा, क्षणभर थांबायचा आणि जीभ काढल्यासारखा परत बाहेर. माझी खात्री झाली की मोटर गेली. झाकण काढलं तर मोटर बिचारी नीट फिरत होती, बेल्ट तिच्यावर नुसता घसरत होता. काढून हातात घेतला तर रबर चकचकीत झालेलं, बोटाला चिकटत नव्हतं, आणि नव्या बेल्टशेजारी धरल्यावर उघड दिसलं की तो ढिला पडलाय. तात्पुरता उपाय म्हणून बेल्ट आणि कप्पी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली; चार महिने चाललं. नवा बेल्ट घातला तो आजतागायत चालतोय. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली, निदान करायला तीन आठवडे. "ट्रे खराब झाला, यंत्र भंगारात दिलं" असं लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांचा तरी एवढाच बेल्ट गेला असणार, असा माझा अंदाज आहे. उघडताना प्लग काढलेला हवा, आणि पॉवर सप्लायच्या बोर्डाला हात लावायचा नाही. तिथले कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेले राहतात.

दुसरं जुनं दुखणं म्हणजे ग्रीस. दातेरी चाकांवरचं पांढरं ग्रीस वर्षानुवर्षांनी मेणासारखं घट्ट होतं आणि चकती दोन खाच्यांच्या मधोमध थांबते. यंत्राला कळेना की आपण कुठल्या नंबरवर आहोत, मग ते फिरत राहतं, फिरत राहतं, आणि शेवटी 'डिस्क नाही' म्हणतं. डिस्क तर समोर दिसत असते! जुनं ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारं नवं अगदी नखाएवढं लावायचं. जास्त लावलं तर ते उडून लेन्सवर बसतं. हे मी करून पाहिलंय, तुम्ही करू नका.

पाच डिस्कचा खरा उपयोग कशाला, हेही मालक उशिरा शिकतात. "पाच चित्रपट सलग लावून ठेवू" हा पहिला उत्साह असतो, पण तसं क्वचितच होतं. चित्रपट संपला की डीव्हीडी बहुतेक वेळा स्वतःच्या मेन्यूवर जाऊन बसते आणि तेच आठ सेकंदांचं संगीत वाजवत राहते. प्लेअरच्या दृष्टीने डिस्क अजून चालूच आहे, मग तो पुढच्या डिस्ककडे जाणार कशाला? रिमोटला हात लावावाच लागतो. गाण्यांच्या सीडींचं मात्र तसं नाही. पाच ऑडिओ सीडी घाला, सगळ्या डिस्कवर शफल लावा आणि दिवसभर घरात कामं करत फिरा. माझा प्लेअर आयुष्यातले निम्म्याहून जास्त तास असाच चालला असेल. मालिकांचाही फायदा आहे: एका सीझनच्या चार-पाच डिस्क एकदम आत, महिनाभर डब्या शोधणं नाही. आणि एक डिस्क चालू असताना खण उघडून बाकीच्या खाच्यांतल्या डिस्क बदलायची सोय काही मॉडेलांत असते. ही सोय आहे का ते जरूर विचारा. ज्यांनी ती वापरलीय ते तिच्याशिवायचा प्लेअर घेत नाहीत.

खाच्यात डिस्क नीट बसवणं हे मोठ्यांना सोपं वाटतं. माझ्या भाचीने एकदा डिस्क खाच्याच्या काठावर अर्धी टेकवून खण बंद केला. 'कर्र' असा आवाज आला आणि चकती अडली. घाबरून लोक अशा वेळी उघडायचं बटण दाबत राहतात आणि दातेरी चाकाचा दात मोडून घेतात. प्लग काढा, झाकण उघडा, खणाचं चाक बोटाने उलटं फिरवा, डिस्क सुटते. त्या डिस्कवर अजून अर्धचंद्रासारखा ओरखडा आहे, पण ती चालते. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन पापुद्र्यांची जोडी, माहिती दोन्हींच्या मध्ये दडलेली, त्यामुळे वरवरचे ओरखडे ती बऱ्यापैकी पचवते. पुसताना मात्र मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही.

मोठ्या चेंजरचं जग वेगळं. तिथे डिस्क आडव्या नसतात, पुस्तकांसारख्या उभ्या असतात, एका भल्या मोठ्या गोल चाकात. पुढचं दार उघडायचं, नंबर समोर आणायचा, डिस्क सरकवायची. ती उलटी सरकवली तर यंत्राच्या लेखी तो कप्पा रिकामा. आणि एका कप्प्यात चुकून दोन डिस्क गेल्या, तर तो दिवस वाया गेला समजा. मला हा अनुभव एकदाच आला आणि त्यानंतर मी दिवाणखान्यातला मोठा दिवा लावल्याशिवाय ते दार उघडलं नाही. डिस्कवर कागदी लेबल चिकटवायची सवय असेल तर तीही सोडावी लागेल. कोपरा सुटलेलं एक लेबल अख्खी यंत्रणा अडवतं.

त्या चेंजरमधलं मला सगळ्यात आवडलेलं आणि सगळ्यात छळलेलं एकच: याद्या. चारशे डिस्क आत, डब्या बाहेर, मग कुठल्या नंबरला काय आहे हे कळणार कसं? काही मॉडेलांत संगणकाचा कीबोर्ड जोडून नावं टंकता यायची. मी दोन रविवार बसून तीनशेच्या वर नावं टंकली, इंग्रजी अक्षरांत, कारण दुसरा पर्याय नव्हता. त्या यादीतून चित्रपट निवडायला मजा यायची हे मान्य. पण ज्यांनी नावं टंकली नाहीत त्यांची मतं वाचा: "कोठार आहे, पण किल्ली हरवलीय." सुरुवातीला वहीत यादी केली असती तर माझे दोन रविवार वाचले असते. शिवाय डिस्क बदलायला माझ्या चेंजरला चाक बरंच फिरवावं लागलं तर वीस-पंचवीस सेकंद लागायचे, पाचवाल्याला बारा-पंधरा. ऐकायला काही वाटत नाही, पण तुम्ही शोधताय तो प्रसंग तीन डिस्कपैकी नेमक्या कुठल्या डिस्कवर आहे हे आठवत नसेल तेव्हा कळतं. आणि घर बदलताना सगळ्या डिस्क काढाव्या लागतात. सगळ्या. भरलेला चेंजर हलवलेल्यांची मतं मी वाचलीत. त्यात मजकूर कमी आणि उसासे जास्त असतात.

या मोठ्या यंत्रांचा काळही छोटाच ठरला. डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस आली, आणि सोनीने २००९ मध्ये चारशे डिस्कचा ब्लू-रे चेंजर काढला तोवर लोक डिस्कऐवजी हार्ड डिस्ककडे वळू लागले होते. त्यामुळे सुटे भाग मिळणं अवघड. पाचवाल्याला मापाचा कुठलाही बेल्ट चालून जातो, चारशेवाल्याचा डिस्क उचलणारा हात मोडला तर तो कुठून आणणार?

माझं मत विचाराल तर पाचवाला घ्या. चारशेवाला त्यांच्यासाठी, ज्यांना स्वतः यंत्र उघडायला आवडतं आणि बिघडलं तर राग येण्याऐवजी कुतूहल वाटतं. मी सहा वर्षांनी माझा तशाच एका माणसाला दिला.

घ्यायला जाताना सोबत तीन डिस्क न्या: एक दोन थरांची डीव्हीडी, एक घरी रेकॉर्ड केलेली डिस्क, एक ऑडिओ सीडी. एका थरात ४.७ जीबी मावतात, दोन थरांत ८.५, त्यामुळे दोन तासांहून बऱ्याच लांब चित्रपटाची विकत घेतलेली डिस्क बहुधा दोन थरांची असते. दोन थरांच्या चित्रपटात लेझर पहिला थर आतून बाहेर वाचतो आणि दुसरा बाहेरून आत. मध्ये चित्र निमिषभर थबकलं तर तो दोष नाही. तिथेच अडकून पडलं किंवा चौकोन दिसू लागले, तर लेन्स मळलीय किंवा लेझर थकलाय. ऑडिओ सीडी नीट वाजते म्हणून समाधान मानू नका, सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा वेगळा लेझर असतो. एकच डिस्क पाचही खाच्यांत फिरवून बघा. खण सलग दहा वेळा उघड-बंद करा, मालक वैतागले तरी चालेल. आणि किमान अर्धा तास चालू ठेवा, कारण काही आजार यंत्र तापल्यावरच डोकं वर काढतात.

मागच्या पिना तुमच्या टीव्हीला जुळतात का ते आधी फोटो मागवून बघा. नव्या टीव्हींवर पिवळी-पांढरी-लाल आणि कंपोनंटची भोकं दुर्मिळ होत चाललीत. प्लेअरला एचडीएमआय नसेल तर कन्व्हर्टर लागेल. रिजन कोडही (डिस्क आणि प्लेअर कुठल्या देशांसाठी आहेत ते ठरवणारा आकडा) तपासा, परदेशातून आणलेला प्लेअर तुमच्या डिस्क नाकारू शकतो. आणि तुमचं कपाट मोजा, पाच डिस्कचा खण पूर्ण उघडल्यावर तो बराच पुढे येतो. आमच्याकडे दार आधी उघडायचं विसरून दोनदा आदळलाय.

पण या सगळ्याच्या आधी त्या ओळखीच्यांना एकच विचारा: मूळ रिमोट आहे का? पुढच्या पट्टीवर प्ले, स्टॉप आणि नंबर असतात, पण सेटिंगमध्ये शिरायचं बटण पुष्कळ मॉडेलांत फक्त रिमोटवर असतं. रिमोट नसेल तर मला मॉडेलचा नंबर कळवा, कुठला युनिव्हर्सल रिमोट चालेल ते बघून सांगतो.