मीठ इतकं मजबूत, मग पाण्यात विरघळतं कसं?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. ‘आयनिक बंध मजबूत, सहसंयुज बंध कमकुवत’ असं तिच्या क्लासच्या नोट्समध्ये आहे. ती विचारते, मग मीठ पाण्यात चटकन विरघळतं कसं? मला सांगता येईना. – एक आई, कोथरूड

उत्तर : तिला माझी शाबासकी सांगा. कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण असं अडून बसणारी मुलं फार थोडी भेटली.

आधी नोट्समधलं ते वाक्य खोडा. देवघरातला कापूर उघडा राहिला की उडून जातो, पण वास कापराचाच येतो ना? म्हणजे रेणू शाबूत आहेत, फक्त एकमेकांपासून सुटलेत. रेणूच्या आतले सहसंयुज बंध, म्हणजे दोन अणूंनी भागीदारीत ठेवलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या, जागच्या जागी आहेत. कमी आहे ती रेणू-रेणूंमधली ओढ. हिरा तर सगळाच्या सगळा सहसंयुज बंधांनी विणलेला. त्याला कमकुवत म्हणून दाखवा!

मिठात असे सुटे रेणूच नसतात. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. एक धनभारित होतो, दुसरा ऋणभारित. अशा भारित कणांना आयन म्हणतात, आणि त्यांच्यातली ओढ म्हणजेच आयनिक बंध. स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती 6 क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती 6 सोडियम. ही घडी उष्णतेनं मोडायची तर 801 अंश सेल्सिअस लागतात. पाण्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या रेणूचं ऑक्सिजनकडचं टोक किंचित ऋण, हायड्रोजनकडचं किंचित धन. हे रेणू एकेका आयनाला घेराव घालतात, आणि स्फटिक मोडायला लागणारी जवळजवळ सगळी ऊर्जा त्या घेरावातूनच मिळते. साखर विरघळते तेव्हा मात्र अख्खे रेणूच सुटे होतात. (कढईत साखर तपकिरी झाली, की मग रेणूही मोडायला लागले असं समजा.)

घरी करून बघा. पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक एलईडी, 9 व्होल्टची बॅटरी आणि वायर आणा, पेन्सिलीची दोन शिसं घ्या. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी आणा. बॅटरी, दिवा आणि शिसं वायरनं एकापाठोपाठ जोडा आणि शिसं पाण्यात बुडवा. मिठाच्या पाण्यात दिवा लागेल, कारण सुटे आयन वीज वाहून नेतात; साखरेच्या नाही, कारण तिच्या रेणूंवर भारच नसतो. खिडकी उघडी ठेवा, थोडा क्लोरीन सुटतो. आणि चमचे दोन घ्या. मी एकाच चमच्यानं आधी मीठ, मग साखर ढवळली. साखरेच्या पाण्यातही दिवा मिणमिणला आणि मी तासभर पुस्तकं चाळत बसलो. शेवटी चमच्याकडे बोट दाखवलं ते आमच्या सौभाग्यवतींनी.