कोल्हापूरहून बेळगावला येतोय, घर टिळकवाडीत बघू, वडगावात, गणेशपूरला का मच्छेला?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची कंपनी उद्यमबागेत, तुमची ड्युटी नेहरूनगरात हॉस्पिटलला, लेक जूनला तिसरीत जाणार, भाडं 12 हजारापर्यंत आणि दोन-तीन वर्षांत स्वतःचं घर करायचं. मी गडहिंग्लजची, लग्न होऊन बेळगावात आले, वडगाव आणि भाग्यनगर अशी दोन भाड्याची घरं केली आणि आता गणेशपूरला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इथं घर बघताना किलोमीटर मोजू नका, रेल्वे लाईन कुठल्या अंगाला आहे ते बघा. मिरज-लोंढा लाईन गावाच्या मधून जाते. शहापूर, वडगाव, टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, अनगोळ एका बाजूला आणि बाजारपेठ, कॅम्प, नेहरूनगर, हिंडलगा, गणेशपूर दुसऱ्या बाजूला. कपिलेश्वरला, गोगटे सर्कलला, तिसऱ्या रेल्वे गेटाला उड्डाणपूल झालेत, त्यानं पुष्कळ फरक पडला, पण सगळी ट्रॅफिक त्याच पुलांवर येते आणि शाळेची वेळ आणि कंपनीची वेळ एकच.

आम्ही भाग्यनगरात होतो आणि लेकीची शाळा कॅम्पात. जुलैचा पाऊस, दुसऱ्या गेटाला फाटक पडलेलं, मालगाडी सरता सरत नाही, रिक्षात सात पोरं, दोन्ही बाजूला प्लास्टिकचे पडदे बांधलेले आणि आत सगळ्यांच्या ओल्या रेनकोटचा वास. मी मागं स्कूटरवर, कारण त्या दिवशी ती घरात रंगपेटी विसरलेली. फाटकाच्या दोन्ही अंगाला गाड्या पुढं पुढं घुसून पूर्ण रस्ता भरून उभ्या राहतात, त्यामुळं फाटक उघडलं तरी पाच मिनिटं कोणालाच हलता येत नाही. पडद्याच्या फटीतून बघितलं तर माझी पोरगी डबा उघडून चपातीचा रोल खात होती, म्हणाली आई, शाळेत गेल्यावर वेळच नसतो, मी रोज इथंच खाते. रोज! मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघांनी बसून घर बदलायचं ठरवलं.

त्याच्या आधी वडगावात राहिलो तेव्हा पैशाचा हिशेब चुकला होता. 2016 ला तिथं 5 हजार भाडं, तसंच घर टिळकवाडीत 9 हजाराला सांगत होते, आम्हाला वाटलं महिन्याला 4 हजार वाचले. पण मिस्टर होनग्याला कामाला, म्हणजे गावाच्या एकदम दुसऱ्या टोकाला, मग पेट्रोल, शाळेची रिक्षा, कधी उशीर झाला की ऑटो, असं धरून तीनेक हजार तिकडंच जायचे आणि माणूस घरी यायला रात्रीचे आठ. भाड्यात प्रवास मिळवून मगच दोन घरांची तुलना करा, नुसतं भाडं बघून काही कळत नाही. वडगाव वाईट नाही हं, शेजार चांगला, मराठी माणूस भरपूर, बाजार पायाखाली. फक्त येळ्ळूर रोडच्या बाजूला, बळ्ळारी नाल्याच्या जवळ घर बघत असाल तर शेजाऱ्यांना विचारा 2019 च्या ऑगस्टात पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवर हात ठेवून दाखवतात लोक.

आता शाळा. घर आधी आणि शाळा नंतर असं करू नका, उलटं करा. सगळ्यात आधी माध्यम ठरवा. मराठी माध्यमाच्या शाळा इथं आहेत, सरकारी पण आणि खाजगी पण, आणि पाठ्यपुस्तकं कर्नाटकची, मराठीतली. इंग्रजी माध्यम हवं असेल तर कॅम्पात आणि टिळकवाडीत पर्याय जास्त. कुठलंही माध्यम घ्या, कन्नड मात्र शिकावंच लागतं, 2015 चा कायदा आहे आणि 2017 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला. तुमची लेक तिसरीत येणार म्हणजे वर्गातल्या पोरांना लिपी येत असणार आणि तिला अ आ पासून सुरुवात. घाबरू नका, माझ्या भाचीला सातवीत आल्यावर जड गेलं, तिसरीतलं पोर सहा-आठ महिन्यांत पकडतं. पण शाळेत जाऊन सरळ विचारा, बाहेरून आलेल्या मुलांना कन्नडचं वेगळं कोण बघतं का? जिथं बाईंनी नीट उत्तर दिलं ती शाळा माझ्या मते निकालाच्या टक्क्यापेक्षा महत्त्वाची. मी तेवढ्यावरच शाळा निवडली आणि आजवर पस्तावले नाही.

अजून एक, इथल्या शाळा मे संपता संपता नाहीतर 1 जूनच्या आसपास उघडतात, तिकडच्यासारख्या जूनच्या मध्यात नाही, तेव्हा सामान हलवायचं त्या हिशेबानं. दाखल्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची सही मागतात, ती कोल्हापुरातूनच घेऊन या, नाहीतर परत हेलपाटा. आणि मोठी सुट्टी इथं दसऱ्याला, दिवाळीला थोडीच, त्यामुळं माझ्या लेकीला आजोळी मामाच्या पोरांबरोबर पूर्ण दिवाळी कधी मिळालीच नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या दोघांच्या कामाच्या जागा बघता मी म्हणेन गणेशपूर-हिंडलगा बाजू आधी बघा. मिस्टर कॅम्पातून काँग्रेस रोडनं सरळ उद्यमबागेत, तुम्ही हिंडलगा, हनुमाननगर करत नेहरूनगरात, आणि लेकीची शाळा कॅम्पात घेतली तर तिघांपैकी कोणालाच लाईन ओलांडायची नाही. मच्छे मिस्टरांना एकदम जवळ आणि भाडंही कमी, पण तुमची नाईट ड्युटी असेल तर मच्छेहून नेहरूनगर म्हणजे आख्खं गाव पार करायचं, ते मी माझ्या बहिणीलासुद्धा सांगणार नाही. टिळकवाडीत 12 हजारात घर मिळेल, पण जुनं, नाहीतर वरच्या मजल्यावरचं आणि पार्किंग नसलेलं.

गणेशपूरची अडचण पाण्याची. बराचसा भाग ग्रामपंचायतीत आहे, महापालिकेत नाही, त्यामुळं घरमालकाला विचारा नळ कितव्या दिवशी येतो, बोअर एप्रिल-मे मध्ये चालते का, आणि टँकर आणला तर पैसे कोणाचे. उत्तर घरमालकाकडून घेऊ नका, खालच्या भाडेकरूकडून घ्या. आमच्या आधीच्या भाड्याच्या घरी बोअर मार्चलाच आटायची आणि डिपॉझिट दिल्यावर ते आम्हाला कळलं.

बसनं जाणार असाल तर शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, जून 2023 पासून, पण आधारसारखं सरकारी ओळखपत्र कर्नाटकातल्या पत्त्याचं लागतं. कोल्हापूरच्या पत्त्यावर तिकीट पडतं. भाडेकरार झाला की पत्ता बदलून घ्या, महिन्याचे चांगले पैसे वाचतात.

आणि घर विकत घ्यायचं ते लगेच नको, निदान एक पावसाळा भाड्यानं काढा. इथं गावाबाहेर गुंठ्यानं प्लॉट विकायचं फार चालतं, 33 बाय 33, शेतजमीनच असते, लेआऊट मंजूर नाही, व्यवहार नुसता बाँड पेपरवर लिहून. माझ्या दिरानं असा दोन गुंठे घेतला, एजंट म्हणाला सहा महिन्यांत एनए (म्हणजे बिगरशेती) होऊन जाईल वहिनी, काही काळजी करू नका. सात वर्षं झाली. रजिस्ट्रेशन नाही, बँक लोन देत नाही, विकायला गेलं तर त्याच बाँडवर घेणारा शोधायचा. दीर कमी बोलणारा माणूस, पण रविवारी एकटाच जाऊन त्या प्लॉटवरचं गवत काढून येतो. तेव्हा ग्रामपंचायतीच्या हद्दीत काहीही बघाल तर ई-स्वत्तुचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाईन मिळकत नोंदीचा, फॉर्म 9 आणि 11-ए मागा, 11-बी (मंजुरी नसलेल्या मिळकतीचा) दाखवला तर हात जोडून परत या, आणि बुडाची (बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाची) लेआऊट मंजुरी आणि ईसी, म्हणजे मिळकतीवर बोजा आहे का त्याचा दाखला, स्वतः बघा, एजंटनं मोबाईलवर दाखवलेला फोटो नको. आणि बजेटमध्ये रजिस्ट्रेशन फी 2 टक्के धरा, ऑगस्ट 2025 च्या शेवटापासून ती 1 वरून 2 झाली, स्टॅम्प ड्युटी वेगळी.

घर बघायला येताना मात्र मे महिन्यात येऊ नका. एप्रिलच्या दहा तारखेच्या आसपास शाळांना सुट्टी लागते आणि सगळे रस्ते मोकळे दिसतात, एजंट पण त्याच दिवसांत बोलावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या मंगळवारी-बुधवारी या, रात्री कुणाकडं तरी मुक्काम करा आणि सकाळी साडेसातला त्या घराच्या दारातून निघून आधी शाळेपर्यंत आणि मग हॉस्पिटलपर्यंत स्वतः गाडी चालवून बघा, लेकीला मागं बसवून.